पिवळ्या रुजवणाची परात

आधी मातीला नमस्कार. मग त्या मातीच्या अंधारात निजून राहणाऱ्या आणि कोणाला न सांगता फुटणाऱ्या बीजाला नमस्कार. आणि मग, सज्जनहो, ज्या हाताने ते बीज मातीत पडते त्या हाताला नमस्कार, तो हात कोणत्या घरचा हे न विचारता. आख्यान लावताना आम्ही राजांची नावे घेतो, ऋषींची कुळे सांगतो. आज मात्र मी एका कुणबिणीचे आख्यान लावणार आहे. तिच्या कुळाची वही नाही, राज्य म्हणावे तर खाडीलगतच्या खारेपाटातले दीड बिघा शेत आणि एक गाय.

तिचे नाव राही. मी तिला प्रथम पाहिली तेव्हा तिचे केस पिकले होते. कोर्लईच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला जी कुणब्यांची वाडी आहे, तिथल्या मारुतीच्या देवळात मी वर्षातून एकदा कीर्तनाला जातो. राहीबाई डाव्या हाताच्या खांबाला टेकून बसे, आणि आरती झाली की एक तरी प्रश्न विचारल्यावाचून उठत नसे. एकदा विचारले, देवकी तुरुंगात बाळंत झाली, तर तिला पहिल्या दिवशी खायला कोणी काय दिले? एकदा विचारले, सीतेला जमिनीतून काढली तेव्हा नांगर किती खोल गेला होता? मंडळी हसत. मी हसत नसे, कारण मला उत्तर येत नसे. इतकी वर्षे मी देवाच्या जन्माचा पाळणा म्हणतो आहे. पण त्या बाळंतिणीच्या पोटातल्या भुकेचा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता, तो या बाईच्या मनाला शिवला. ज्याच्यावर प्रेम असते त्याच्याविषयीच माणसाला इतके बारीक प्रश्न पडतात, हे मी तिच्याकडून शिकलो.

तिचीच ही गोष्ट, तिनेच मला सांगितलेली, एकोणीसशे बत्तीस सालच्या नाताळाच्या आधीच्या दिवसांतली.

राही माहेरची माणगावकडची. तिकडे गोड्या पाण्याचे ओढे, तांबडी माती, डोंगराच्या कुशीतली भातशेती. लग्न होऊन ती आली ती समुद्राकाठी, जिथे शेताच्या एका बाजूला भात डोलते आणि बांधाच्या दुसऱ्या बाजूला भरतीचे पाणी थापा मारते. नवरा नामा मुंबईला गोदीत कामाला. तो शिमग्याला येई आणि गणपतीला येई. घरात सासू आणि सून, दोघीच. सासू येसूबाई तरुणपणी विधवा झाली, पण तिने एकही वर्ष शेत पडीक राहू दिले नव्हते. बोलायला कमी, कामाला खंबीर.

त्या घराची एक रीत होती. पाऊस येण्याआधी भाजलेल्या कोरड्या जमिनीत भाताची धूळपेर करताना पहिली मूठ घरच्या बाईने टाकायची. तिच्या मुठीनंतरच बाकीचे हात चालायचे. तीस वर्षे ती मूठ येसूबाईची होती. पण त्या वर्षी येसूबाईचा उजवा हात थरथरू लागला. गणपती गेल्यावर तिने सुनेला सांगितले की या नवरात्रात घट तू घाल. घट भरभरून आला की मृगाला पहिली मूठही तुझीच.

घर सोपवण्याची ही किती साधी, किती थोर तऱ्हा! नुसते परडीभर माती, मूठभर धान्य आणि नऊ दिवस. राहीने उपास धरला, अंघोळ करून ओलेत्याने माती आणली, माहेरी आणत तशी, आपल्याच शेतातली, बांधाच्या कडेची. तीत भात आणि नाचणी पेरली. देवघराच्या कोनाड्यात परडी ठेवली, मधे कलश मांडला, हळदीच्या पाण्याचा हात शिंपडला. आमच्याकडे घट देवघराच्या सावलीतच वाढतो. ऊन न लागलेले ते अंकुर उंच, लवलवीत आणि पिवळेधमक येतात, आणि जितके पिवळे तितकी देवी प्रसन्न. दसऱ्याला तेच सोने म्हणून बायका वेणीत खोवतात, पुरुष पागोट्यात.

तिसरा दिवस गेला, पाचवा गेला, सातवा गेला. परडीतली माती काळी ती काळीच. नवव्या दिवशी दोन अंकुर आले आणि मान टाकून गेले.

येसूबाई ओरडली नाही. दसऱ्याला तिने वेणीत झेंडूचे फूल खोवले आणि पाटावरून उठताना एवढेच म्हटले, "बियाणं माझं हाय, ते रुजतं. मूठ मीच टाकीन. तुझा हात ऱ्हाऊ दे."

हे शब्द बारीक, पण वाडीभर गेले. शेजारच्या ठमीने आपल्या परसातल्या भोपळ्याचे बी राहीला लावू दिले नाही. कोणी तोंडावर बोलले नाही. नुसते हात मागे घेतले गेले. सज्जनहो, माणसाला दोन घास कमी मिळाले तर तो सोसतो. पण तुझ्या हाताने काही जगत नाही असे जग म्हणाले, तर तो हात घेऊन त्याने कोठे जावे?

दुसरी कोणी असती तर रडली असती. राहीही रडली असेल. तिने मला सांगितले नाही. तिने मला सांगितले ते वेगळेच. तिला कोडे पडले. बियाणे तेच, पाणी तेच, नऊ दिवसही तेच. मग का रुजले नाही? तिने घटासाठी काढलेल्या बियाण्यातली उरलेली मूठ लपवून ठेवली होती. चार करवंट्या घेतल्या. एकीत बांधाकडची माती, एकीत शेताच्या मधली, एकीत परसातली, एकीत टेकाडावरच्या वारुळाची. चारींत दहा दहा दाणे. सासूच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून चारी करवंट्या लाकडांच्या ढिगामागच्या काळोखात ठेवल्या आणि भांडी घासताना उरलेल्या पाण्याचा थेंब थेंब त्यांना देऊ लागली.

बांधाकडच्या मातीत काहीच आले नाही. मधल्या मातीत चार. परसात सात. वारुळाच्या मातीत दहाच्या दहा, पिवळे, सरळ, जणू दहा समया.

तिने बांधाकडची माती चिमूटभर जिभेवर ठेवली. खारट. माहेरी शेताची माती म्हणजे सगळीकडून सारखीच माउली. इथे बांधाखालून खाडी झिरपते, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. येसूबाई घटाची माती नेहमी वारुळाची आणी, आणि हे सांगण्याची गोष्ट आहे असे तिलाही कधी वाटले नव्हते. राहीला कारण सापडले. पण ते सांगायचे कोणाला? घट वर्षातून एकदाच बसतो, आणि चार करवंट्यांना देव म्हणून कोण मानणार?

इतके होईतो मार्गशीर्ष लागला. हवेला गारवा आला, खाडीवर सकाळचे धुके बसू लागले. याच दिवसांत राही कोर्लईला पेंढ्याचे भारे घेऊन जात असे. कोर्लईची किरिस्तांव मंडळी आमच्यासारखीच मासे मारणारी, शेती करणारी, आमच्यासारखीच लुगडी नेसणारी. घरात त्यांची बोली निराळी, पोर्तुगिजांच्या वळणाची. बाहेर आमच्याशी मराठी. त्यांच्यातली इनासबाई राहीचा पेंढा घेई. इनासबाई साठीची, अंगाने भरलेली. तिचा नवरा पेद्रू, होडी सोडून आता घरी बसलेला, थट्टेखोर. मुले मुंबईला. नाताळाला ती येत, आणि त्यांच्या येण्याआधीचे पंधरा दिवस ते घर जागे होत असे.

राहीला त्या घरात शिरताना नाकाने सण कळे. भिंतींना नवा चुना लागलेला, त्याचा ओला वास. अंगणात गोधड्या उन्हात. उखळाशी तांदूळ सडलेले. चुलीवर नारळाचा रस आणि गूळ तासन् तास आटतो आहे, आणि पेद्रू ढवळता ढवळता उलथन्याचे टोक चाटतो आहे. कोपऱ्यात माडापासून काढलेल्या ताज्या माडीवर भिजवलेले पावाचे पीठ फडक्याखाली हळूहळू फुगते आहे. मी कीर्तनात माडीवर किती कडक बोललो आहे, ते पंचक्रोशीला ठाऊक आहे. पण तीच माडी परातीतल्या पिठाला श्वास देते, हे राहीने मला सांगितले तेव्हा मी मान खाली घातली आणि पुढचे ऐकले. राही तिथे काही खात नसे. वाडीची तशी चाल होती. इनासबाईला ते माहीत होते. ती राहीच्या ओच्यात न फोडलेला नारळ टाकी.

त्या दिवशी पेद्रू ओटीवर बसून माडाच्या झापांचे एक चिमुकले छप्पर विणत होता. शेजारी एक पेटी उघडी होती, भाताच्या तुसाने भरलेली, आणि तुसातून मातीच्या छोट्या मूर्ती एकेक बाहेर निघत होत्या. एक गाय, तिचे एक शिंग मोडलेले. एक गाढव. काठी घेतलेला धनगर. निळा पदर घेतलेली एक बाई. राही भारा डोक्यावरून उतरवायची विसरली. हे काय म्हणून तिने विचारले. आमचा देव जन्मला तो गोठा, पेद्रू म्हणाला.

मग राहीचे प्रश्न सुरू झाले. गोठ्यात का, घर नव्हते? होते, पण परगावी होते. सुईण कोण होती? ते पेद्रूला ठाऊक नव्हते. पाचवीला सटवाईने कपाळावर काय लिहिले? पेद्रू म्हणाला, ते वाचायला दूरदूरचे तीन राजे आले. मग राहीने तिला सर्वांत जास्त लागलेला प्रश्न विचारला.

"थंडीचे दिवस, म्हणता. मंग बाळंतिणीला शेक कुणी दिला?"

पेद्रूने शिंग मोडलेली गाय उचलून तिच्यापुढे धरली. "हिनं. हिच्या उच्छ्वासानं."

राहीने त्या गाईच्या पाठीवरून बोट फिरवले. हे उत्तर तिला पटले. गाईच्या अंगाची ऊब तिला ठाऊक होती.

त्याच वेळी इनासबाई आतून एक पितळेची उथळ परात घेऊन आली. गोठ्यापुढे शेत मांडायचे असते, ती म्हणाली. दरवर्षी मी परातीत भात रुजवते. गेल्या साली कोंबड्यांनी ते साफ केले आणि बाळासमोर उघडी माती ठेवावी लागली. लोक बघून गेले. यंदा चुन्यासाठी घर सगळे उघडे पडले आहे, कोंबड्या घरभर. तेव्हा राही, तू शेतकरीण, तुझ्या घरी रुजवून दे. सणाच्या तीन दिवस आधी आण.

हिरवे रुजव, असे इनासबाईने सांगितले नाही. अंकुर हिरवा असतो, हे सांगायचे काय? पिवळे रुजवू ना, असे राहीने विचारले नाही. देवापुढचे रुजवण पिवळे असते, हे विचारायचे काय? दोघी आपापल्या देवाशी इतक्या सरळ होत्या की एकमेकींना विचारावे असे काही उरलेच नव्हते.

पण राहीला काळजी पडली ती दुसऱ्याच गोष्टीची. या घराला माझ्या हाताविषयी माहीत नाही. सांगावे, तर परात हातातून जाईल. न सांगावे, आणि रुजले नाही, तर खाडीकाठच्या दोन्ही धर्मांच्या देवांपुढे आपला हात वांझ ठरेल, तोही दुसऱ्याच्या सणात. तिने परात पोटाशी धरली आणि काही न बोलता घरी नेली.

त्या वर्षी दत्तजयंतीनंतर तेराव्या दिवशी नाताळ होता. दत्तजयंतीला चौलच्या डोंगरावर जत्रा भरते. मी तिथे वरच्या पायरीशी कीर्तनाला उभा होतो, आणि श्रोत्यांत काठी टेकत चढून आलेली येसूबाई होती. राही घरी राहिली. इकडे मी दत्तजन्माचा गुलाल उधळत होतो. तिकडे रिकाम्या घरात एक सून वारुळाची माती चाळून परातीत पसरीत होती. लपवलेल्या बियाण्यातली शेवटची मूठ तिने रात्रभर भिजवली होती. डोळे मिटून तिने ती टाकली. कोणत्या देवाचे नाव घेऊन, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, दोघांचंबी घ्येतलं, कुणाच्या राज्यात हाय त्ये ठावं नव्हतं.

आणि परात ठेवली कोठे? गोठ्यात. हात थरथरू लागल्यापासून येसूबाईने धार काढणे सोडले होते, ती गोठ्यात येत नसे. गाय बसते तिच्या तोंडाशी, भिंतीच्या बाजूला, तिने परात ठेवली आणि वर मोठे डालगे पालथे घातले. पेद्रूचे उत्तर तिने मनात ठेवले होते. थंडीत बियाणे आळसावते. गाईचा उच्छ्वास त्याला जागे करील.

मग रोजची पूजा. पहाटे दूध काढायला जावे, डालगे बोटभर उचलावे, हळदीच्या पाण्याचा हात शिंपडावा, पुन्हा झाकावे. दुसऱ्या दिवशी माती. तिसऱ्या दिवशी माती. चौथ्या दिवशी मातीला जागोजाग टाचणीच्या टोकासारखे पांढरे ठिपके. ती तिथेच शेणात गुडघे टेकून बसली. गाईने तिचा खांदा चाटला. सहाव्या दिवशी बोटभर. आठव्या दिवशी चार बोटे. दहाव्या दिवशी वीतभर, दाट, एकाला एक लागून, डालग्याखाली जणू हळदीचा दिवा लावून ठेवलेला. असा घट वाडीत कोणाच्या देवघरात कधी आला नव्हता. राहीला तो मिरवीत न्यावा असे वाटले, आणि कोणाला दिसू नये असेही वाटले. शेवटी ओल्या फडक्याने झाकून, वर केळीचे पान घालून, परात डोक्यावर घेऊन ती वाळूच्या वाटेने कोर्लईला निघाली. एरवी डोक्यावरच्या भाऱ्याला हात न लावता चालणारी बाई, पण त्या दिवशी दोन्ही हातांनी परात धरली होती.

इनासबाईने पान काढले, फडके काढले, आणि परात उजेडाकडे वळवली.

पेद्रूने मान पुढे करून पाहिले. "इनास," तो म्हणाला, "आमच्या शेताला कावीळ झाली गो."

तो थट्टा करीत होता. पण राहीच्या कानांत दसऱ्याचा पाट वाजला. हात मागे घेतला गेल्याचा तो आवाज तिला पाठ होता. तिने परात परत घ्यायला हात पुढे केले आणि मग काय झाले कोण जाणे, तीन महिने जे कोणाला सांगितले नव्हते ते सगळे त्या ओटीवर उभ्याने सांगून टाकले. घट, बांधाची माती, सासूचा शब्द, ठमीचा भोपळा, चार करवंट्या. आमच्यात पिवळं म्हंजे सोनं, ती म्हणाली. तुमच्यात रोग, ह्ये मला ठावं नव्हतं.

इनासबाईने ऐकून घेतले. तिने राहीला जवळ घेतले नाही, समजावले नाही. तिने परातीतला एक अंकुर दोन बोटांत धरून हलकेच ओढून पाहिला. तो सुटला नाही.

"मूळ घट्ट हाय," ती म्हणाली. "ऊन खाल्लेलं न्हाय इतकंच. तुमची देवी सावलीत बसते, तिला पिवळं साजतं. आमचा पोर उघड्यावर आला, त्याला शेत लागतं. ठेव उन्हात. परवा बघू."

राहीचे पुढे केलेले हात तिथल्या तिथे थांबले. उन्हात ठेवले की काय होते? कोणीही देवघरातला घट उन्हात ठेवत नाही. तिच्या करवंट्याही लाकडांमागच्या काळोखातच होत्या. पिवळ्याचे हिरवे होते, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात जन्मून तिने डोळ्यांनी पाहिली नव्हती. आणि आता ते व्हायचे होते तिच्या समोर, दोन दिवसांत. परात अंगणातल्या कट्ट्यावर ठेवली गेली, कोंबड्यांवर नजर ठेवायला पेद्रू काठी घेऊन बसला. निघता निघता राही वळली, पडवीतली एक करवंटी उचलली आणि परातीच्या बरोब्बर मधोमध अंकुरांवर पालथी घातली.

हे कशाला, म्हणून इनासबाईने विचारले.

"बघाया," राही म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिला कोर्लईला काही काम नव्हते. तिने काढले. सासूला सांगितले की भाऱ्याची दोरी तिथे राहिली. अंगणात येऊन पाहते तो परातीला कैरीच्या गरासारखी झाक आली होती. अंकुर वरून बदलले होते, बुंध्याशी अजून पिवळे. ती तिथेच उकिडवी बसून राहिली. इनासबाई करंज्या भरीत होती. कडा मुरडताना तिच्या बांगड्या किणकिणत होत्या. त्यांत म्हणे ती खोबरे आणि तीळ भरी. राहीला त्याचा वास आवडे आणि न खाता आवडे. पेद्रू बांबूच्या कामट्यांवर लाल कागद चिकटवून तारा करीत होता, आणि खळ त्याच्या मिशीला लागली होती. ते ऊन, तो वास, ती किणकिण, आणि मधे एक परात, रंग बदलणारी. राही म्हणे, बुवा, त्या दुपारी मला भूकच लागली न्हाय.

तिसऱ्या दिवशी, सणाच्या आदल्या दुपारी, ती आली तेव्हा मुंबईची मुले घरात पोहोचली होती, पण अंगणातली परात तशीच होती. आणि परात हिरवी होती. सज्जनहो, हिरवी म्हणजे कशी? श्रावणातल्या शेताचा तुकडा कोणी कापून पितळेत बसवावा, तशी. करवंटीला अजून कोणी हात लावला नव्हता. ती तुझी हाय, तू काढ, असे इनासबाईने सांगितले.

राहीने करवंटी उचलली. हिरव्याच्या मधोमध एक वाटोळे पिवळे वर्तुळ होते, जसेच्या तसे, डालग्याखालून आणलेले. काही काड्या आडव्या पडल्या होत्या, एकमेकींवर, मऊ.

पेद्रू पुढे झाला. त्याची थट्टा कोठे गेली होती कोण जाणे. त्याने तुसाच्या पेटीतून बोटभर उंचीचे बाळ काढले. बाळ मध्यरात्रीच ठेवायचे असते. त्याने नुसती जागा मापली. ते पिवळ्या वर्तुळावर धरले. बाळ तिथे बरोबर मावले.

"बाळाखाली पेंढा घालायचा, ते मी इसरलोच होतो," तो म्हणाला.

मी देवळांत महिरपी पाहिल्या आहेत, मखरे पाहिली आहेत, चांदीचे पाळणे पाहिले आहेत. पण एका बाईने नुसते काय होते ते बघायला म्हणून झाकून ठेवलेली जागा देवाच्या अंथरुणाला पुरली, हे ऐकताना माझ्या हातातला टाळ मला जड झाला.

घरी निघताना राहीने कडेचे चार अंकुर मागून घेतले आणि दसऱ्याला खोवतात तसे वेणीत खोवले. येसूबाईच्या दृष्टीतून ते सुटले नाहीत. मार्गशीर्षात रुजवण कुठलं, तिने विचारले. तेव्हा राहीने तिलाही सगळे सांगितले. येसूबाईने सूप पाखडता पाखडता ऐकले. मग म्हणाली की परक्या घरच्या परातीत रुजले, म्हणजे आपल्या जमिनीत रुजले असे होत नाही. ते खरेच होते. येसूबाई खोटे कधी बोलत नसे.

नाताळानंतर बारा दिवसांनी तीन राजांचा सण झाल्यावर इनासबाईने परात परत दिली, अंकुरांसकट. निम्मे पिवळे पडून गेले होते. उरलेले राहीने विहिरीच्या पाटाकडेला, परसाच्या मातीत वारुळाची माती मिसळून, एकेक करून लावले. वायंगणी, म्हणजे उन्हाळी भात लावतात तसे. येसूबाईने विरोध केला नाही, मदतही केली नाही. पण माघ सरता सरता राहीच्या ध्यानात आले की आपण पाणी घालायला जावे तर माती आधीच ओली असते. आणि पाटाच्या चिखलात एका काठीचे ठसे असतात. घरात काठी टेकून चालणारे माणूस एकच होते.

चैत्र संपताना लोंब्या आल्या. पायलीभर नाही, शेरभर नाही, दोन ओंजळी. येसूबाईने एक दाणा दातांखाली फोडला, चावला, आणि उरलेले एका वाळक्या पोकळ भोपळ्यात भरून ठेवले.

मृगाच्या आधी, शेताची राख वाऱ्यावर उडत होती तेव्हा, दोघी धूळपेरीला गेल्या. बियाण्याचे सूप येसूबाईच्या कडेवर होते. बांधापासून दूर, शेताच्या मध्यावर ती थांबली आणि तिने सूप सुनेपुढे धरले. तिचा हात थरथरत होता, त्याबरोबर दाणे हलत होते. राहीने सुपात पाहिले. त्या दाण्यांत काही दाणे वेगळ्या रंगाचे होते, किंचित तांबूस, भोपळ्यात ठेवलेले ते वायंगणी.

"आत्याबाई, यात कोर्लईच्या गोठ्यातलं मिसळलंत?"

"मूठ टाक," येसूबाई म्हणाली. "पाऊस थांबणार न्हाय तुझ्या बोलण्यासाठी."

राहीने मूठ टाकली.

ते शेत आजही पिकते. राहीबाईच्या घरचा घट मी पाहिला आहे. वारुळाची माती, देवघराची सावली, हळदीचे पाणी, आणि पिवळेधमक अंकुर. पण नवरात्रात तुम्ही त्या घरी गेलात तर पडवीच्या कठड्यावर पहा. तिथे उन्हात एक करवंटी असते, तीत दहा दाणे रुजलेले असतात, हिरवेगार. ही कोणत्या देवाची, म्हणून मी राहीबाईला विचारले होते. ती म्हणाली, देवाची न्हाय, बुवा. बघाया ठेवलीया.